वलांडीखालचा काळू

वसईच्या पाचूबंदरात बोट चालवणाऱ्या पास्कल तांडेलाची हाक काय चीज होती, हे आज कोणाला सांगून पटायचं नाही. खाली इंजिनाचा धडधडाट, वर वाऱ्याची शीळ, आणि त्यात पास्कलने नुसतं "सोडा" म्हटलं की बोटीच्या पार पुढच्या टोकाला उभ्या खलाशाच्या हातातली दोरी आपोआप सुटायची. एकदा खाडीच्या तोंडाशी त्याने "जाळं ओढा" असा आवाज टाकला, तर पलीकडे उत्तनच्या तीन बोटींनी, कोण बोललं, कोणाला बोललं याची काडीची चौकशी न करता, आपापली जाळी ओढून घेतली. त्यातल्या एका तांडेलाने पुढे कोणाच्या तरी लग्नात गाठून त्याबद्दल तक्रारही केली म्हणे. अशी चाळीस वर्षं गेली.

मग गुडघ्याने दगा दिला. बोट मुलाच्या, ऑस्टिनच्या हाती गेली आणि पास्कल किनाऱ्याला लागला. किनाऱ्यावर तांडेलाला कोण विचारतो? घरात ग्लोरिया होती. पण ती लग्नाच्या दिवशी फादरांनी विचारलं तेव्हा एकदा "होय" म्हणाली होती, त्यानंतर तो शब्द तिच्या तोंडून कोणी ऐकला नव्हता.

ऑगस्ट सरता सरता ग्लोरियाचा भाऊ फेबियन अर्नाळ्याहून आला आणि त्याने टोपलीतून एक काळा गोळा काढून पास्कलच्या मांडीवर ठेवला. दोन महिन्यांचं कुत्र्याचं पिल्लू. इतकं काळं आणि लोकरीने इतकं फुगलेलं, की तोंड कुठलं आणि शेपूट कुठली हे कळायला त्याच्यापुढे दुधाची वाटी ठेवावी लागली. ज्या टोकाने ते प्यायला लागलं, ते तोंड ठरलं. आई अर्नाळ्याच्या बंदरावरची, हे फेबियनला ठाऊक होतं. बाप कोण ते सांगताना मात्र त्याने एका रिसॉर्टवरच्या लांब केसांच्या, कागदपत्रवाल्या कुत्र्याचं नाव मोठ्या आदराने घेतलं.

पिल्लाचं नाव काळू पडलं. पास्कलला खलाशी मिळाला.

दोन महिने सगळं झकास चाललं. पास्कल जिथे बसेल तिथे काळू त्याच्या पायावर झोपायचा, आणि झोपलेला खलाशी हुकूम मोडत नाही, त्यामुळे तांडेलाचा मान राहिला. घोटाळा झाला तो नोव्हेंबरात. एका सकाळी ग्लोरियाने पाहिलं, तर काळूच्या पाठीवर, मानेपासून शेपटीपर्यंत, कोणी खराटा फिरवावा तशी तांबूस रेघ उमटली होती. चार दिवसांत रेघेचा पट्टा झाला. मग दोन्ही कुशींवरची काळी लोकर चिमटी चिमटीने सुटायला लागली आणि खालून आखूड, राठ, भाजलेल्या पावाच्या रंगाचे केस डोकं वर काढू लागले. काळू अर्धवट सोललेल्या नारळासारखा दिसायला लागला.

आणि लोकर म्हणजे किती? ती ग्लोरियाच्या कालवणात सापडली, पास्कलच्या चहात सापडली, कावळ्यांनी तीन घरटी तिच्यावर बांधली. एका रविवारी मिस्सा चालू असताना फादरांच्या पांढऱ्याशुभ्र झग्यावर, बरोबर छातीशी, एक काळा झुपका दिसला. कुत्रा जन्मात कधी चर्चमध्ये गेला नव्हता. पण पुढून तिसऱ्या बाकावर पास्कल बसला होता, आणि सगळ्या माना त्याच्याकडे वळल्या.

आता दुसरा कोणी असता तर त्याने कुत्र्याला डॉक्टरकडे नेलं असतं. पण पास्कलची सगळी हयात लाकडात गेलेली. बोटीच्या अंगावरचा रंग पोपडे धरून सुटायला लागला आणि आतलं तांबूस लाकूड दिसलं, की त्याचा अर्थ एकच असतो: लाकूड सुकलंय, तेल पाहिजे. त्याचा बापूस लाकडी होडीला मुशी माशाच्या काळजाचं तेल चोपडायचा. त्या तेलाचा एक डबा बापूस गेल्यापासून माळ्यावर पडून होता. पास्कलने तो खाली काढला. झाकण उघडताच शेजारच्या घरातला भाडेकरू खोली सोडून गेला, तो पुन्हा आलाच नाही. पास्कलने कुत्र्याला नाकापासून शेपटीपर्यंत एक हात दिला, एक दिवस उन्हात सुकवला, आणि मग दुसरा हात दिला.

पाचूबंदरात मांजरं किती, हे त्याआधी कोणाला ठाऊक नव्हतं. त्या आठवड्यात कळलं. काळू पुढे आणि मागे बंदरातली झाडून सगळी मांजरं, अशी मिरवणूक गल्लीगल्लीतून निघायला लागली. बिचारा काळू एका जागी बसला की उजवीकडून दोन आणि डावीकडून तीन जिभा त्याला चाटायच्या, आणि मधल्या वेळात तो स्वतःला चाटायचा. पास्कलने हाक मारली तर त्याला कान द्यायला फुरसत कुठली?

त्यात नावाचा गोंधळ. बोटीचा रंग बदलला की नाव नव्याने लिहायचं, ही पास्कलची जन्माची सवय. भाजलेल्या पावाच्या रंगाच्या कुत्र्याला काळू म्हणणं त्याला खोट्या नावाची बोट समुद्रात नेण्यासारखं वाटलं. त्याने नाव बदलून तांबू केलं. ग्लोरियाला नवं नाव मंजूर नव्हतं, ती काळूच म्हणत राहिली. ऑस्टिन बोटीवरून दोन दिवस घरी यायचा तेव्हा त्याला ब्रुनो म्हणायचा, कारण त्याच्या मते दोन्ही नावं गावंढळ होती. आणि तिघंही एकापाठोपाठ एक ओरडायची. कुत्र्याने त्यातून एवढंच ताडलं की ही माणसं अधूनमधून समुद्राकडे तोंड करून आवाज काढतात, त्यांची ती पद्धत असावी.

याचा हिशेब चुकता झाला वलांड्यांवर. पाचूबंदरच्या किनाऱ्याला बांबू उभे करून, त्यांच्यात दोऱ्या ताणून, त्यांवर बोंबील सुकत घालतात, त्या ओळींना वलांडी म्हणतात. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. सगळी कामं बायकांची, आणि बायकांवर हुकूम लुसीचा. लुसी साठीची, अंगाने सुकटीसारखी आणि जिभेने बांगड्याच्या काट्यासारखी. त्या दिवशी सकाळीच तिला तिच्या बोंबलांवर काळे केस सापडले होते आणि तिने पास्कलला रस्त्यात गाठून विचारलं होतं, "तांडेल, हा कुत्रा हाय का सुताराचा रंधा? जाईल तिथं भुसा पाडतो." पास्कलने ऐकलं न ऐकलं केलं.

त्याच दुपारी काळूने वलांडीखाली उभं राहून तोंड वर केलं आणि एक बोंबील धरला. एका बोंबलाबरोबर त्याच्या जबड्यात अडकलेला दुसरा आला, दुसऱ्यापाठोपाठ दोरी आली, आणि दोरीबरोबर अख्खी ओळ आली. कुत्रा बिचकला आणि पळाला. किनाऱ्यावर पुढे काळू, मागे पन्नास हात दोरी, दोरीला दोन्ही बाजूंनी लटकलेले बोंबील, आणि सगळ्यात शेवटी मांजरं. वरातीचा घोडासुद्धा इतका सजलेला नसतो. पास्कल ओरडला, "तांबू." ग्लोरिया ओरडली, "काळू." ऑस्टिन जेट्टीवरून ओरडला, "ब्रुनो." ज्याला इतक्या नावांनी हाका मारतात, तो त्यातल्या कोणाकडे जाईल? तो वसईच्या किल्ल्याच्या दिशेने गेला. खाडीपलीकडे त्या दिवशी दोन बोटींनी नांगर टाकले असं कानावर आलं, पण कुत्रा थांबला नाही.

संध्याकाळी लुसी चार बायकांना घेऊन पास्कलच्या ओट्यावर आली. भांडायला नाही, निकाल सांगायला. नाताळानंतर जानेवारीत येणारा तीन राजांचा सण होईपर्यंत मुदत. सणाच्या दुसऱ्या दिवशी कुत्रा दोरीशिवाय, सगळ्या वलांड्यांखालून, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालला पाहिजे, आणि एका बोंबलाला त्याचं तोंड लागता कामा नये. लागलं तर कुत्रा बंदरातून बाहेर.

"आनि केस?" मागून एकीने आठवण करून दिली.

"केससुद्धा नाय पायजे," लुसी म्हणाली. "गिऱ्हाईक बोंबील घेतो. त्याला मिशा कोन मागतो?"

फेबियनच्या सासरची गिरीजला केळीची वाडी होती आणि राखणीला त्यांना कुत्रा हवाच होता. पास्कल एकदा सहज म्हणून बघून आला. माणसं चांगली होती. त्यांनी त्याला केळी दिली, नारळ दिला, आणि कुत्र्याची जागा दाखवली. पंपाच्या खोलीच्या भिंतीत नवी कडी बसवलेली होती आणि तिला साखळी आधीच लावलेली होती, तीन हात लांबीची. पास्कल घरी आला तो जेवला नाही. ग्लोरियाने ताट झाकून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी तिनेच उपाय काढला. विरारच्या बाजारात ती तीस वर्षं सुकी मासळी विकत होती, आणि तिच्या एका जुन्या गिऱ्हाइकाची मुलगी, निधी, जनावरांची डॉक्टर होऊन फुलपाड्याला दवाखाना चालवत होती. तिकडे जायचं ठरलं. कुत्र्याचा वास घेऊन सात रिक्षावाल्यांनी नकार दिला. आठवा नाक धरून तयार झाला, पण मांजरं बसायला लागल्यावर त्याने विचार बदलला. शेवटी मासळीचा टेम्पो मिळाला. वसई स्टेशनपर्यंत सतरा मांजरांनी पाठलाग केला, दोन तर टेम्पोतच लपून फुलपाड्याला उतरली. त्यातली एक तिथेच राहिली आणि तिचं बरं चाललंय असं कळतं.

डॉक्टर निधीने दार उघडलं, एक श्वास घेतला आणि खिडकीही उघडली. "काका, हे काय लावलंय?"

"मुशीचं तेल."

"कशासाठी?"

"लाकूड सुकू नये म्हनून," पास्कल म्हणाला.

निधी हसली नाही. हा तिचा मोठेपणा. तिने काळूला टेबलावर घेतलं, दिव्याखाली केस बाजूला करकरून कातडी पाहिली, कान पाहिले, पोट पाहिलं. कुठे लाली नव्हती, खपली नव्हती, टक्कल नव्हतं. मग तिने पास्कलला समजावलं की हा आजार नाही, हे वय आहे. पिल्लाची मऊ लोकर चौथ्या-पाचव्या महिन्यापासून गळायला लागते आणि मोठ्या कुत्र्याचे राठ केस येतात, बहुधा पाठीच्या कण्यावरून सुरुवात करून. काही महिने ध्यान विचित्रच दिसतं. रंगही बदलतो. तिने काळूच्या नाकाडाला आणि कानामागे बोट लावून विचारलं, इथे आधीपासून तांबूस होतं का? होतं, लोकर बाजूला केली की दिसायचं. पंजांवर? तिथेही होतं. मग अंगभर तोच रंग यायचा, तो आधीच सांगत होता, तुम्ही वाचलं नाही. कातडीचे चट्टे पडले किंवा सारखा खाजवायला लागला तर आणा, नाही तर रोज ब्रश फिरवा. कुत्र्यांच्या शाम्पूने तेल निघेपर्यंत अंघोळ, त्यानंतर सारखी अंघोळ नको, आणि तेलाचा डबा परत माळ्यावर.

केसांचा प्रश्न पाच मिनिटांत सुटला. पास्कलने मग खरं दुखणं काढलं. चाळीस वर्षं ज्याचं सगळ्यांनी ऐकलं, त्याचं हे एवढंसं जनावर ऐकत नाही, याचं औषध आहे का?

निधीने विचारलं, नाव काय? पास्कलने तीनही सांगितली, कोणतं कोणाचं तेही सांगितलं. तिने कुत्र्याकडे पाठ केली आणि साध्या आवाजात एकेक नाव उच्चारलं. तांबू. काही नाही. ब्रुनो. काही नाही. काळू. त्याचा डावा कान वळला.

"हेच ठेवा," ती म्हणाली. "रंग बघून नाव ठेवलं ते तुम्ही. त्याला रंग कुठे माहितीये? त्याला आवाज माहितीये. आणि काका, ओरडायचं नाही. एकदाच, हळू. त्याने तुमच्या डोळ्यांत पाहिलं की लगेच 'शाब्बास' आणि खाऊ. त्याला सगळ्यात काय आवडतं?"

पास्कलने जमिनीकडे पाहिलं. "बोंबील."

"मग बोंबीलच."

हे ऐकून घरी ग्लोरियाने कपाळाला हात लावला. ज्याने बोंबील चोरला त्याला बोंबील भरवायचा? पण निधीने सांगितलेलं पास्कलने शब्दाशब्दाने लक्षात ठेवलं होतं. त्याला जे सगळ्यात जास्त हवंय, ते त्याला जमिनीवर सापडता कामा नये, दोरीवर सापडता कामा नये. ते तुमच्या डोळ्यांत सापडलं पाहिजे. म्हणजे बोंबलाचा वास आला की त्याला तुम्ही आठवाल.

पहिला दिवस. दार बंद, खिडकी बंद, मांजरं बाहेर. पास्कलने सुक्या बोंबलाचा नखाएवढा तुकडा मुठीत घेतला आणि हात बाजूला ताणून उभा राहिला. काळूने मूठ हुंगली, चाटली, पंजा मारला, भुंकला, दोन उड्या मारल्या. मग बसून मुठीकडे बघायला लागला. इतका वेळ बघत राहिला की मुठीलाच लाज वाटावी. पास्कलच्या घशात हाक येऊन बसली होती. चाळीस वर्षांची ती हाक, बाहेर पडली असती तर घराची कौलं गेली असती. त्याने ती गिळली, आणि त्या दिवशी त्याला ढेकर आला तो दोन गल्ल्या सोडून ऐकू गेला. पण तोंडातून शब्द काढला नाही. शेवटी काळू वैतागला आणि ह्या म्हाताऱ्याला झालंय तरी काय म्हणून त्याने मान वर करून त्याच्या तोंडाकडे पाहिलं.

"शाब्बास," पास्कल म्हणाला आणि मूठ उघडली.

कुत्र्याच्या चेहऱ्यावर जो प्रकाश पडला तो ग्लोरियाने स्वयंपाकघरातून पाहिला. तिचं म्हणणं, दिवा लावायची गरज पडली नाही.

दिवसातून चार वेळा, पाच पाच मिनिटं. जास्त नाही. कुत्रा कंटाळायच्या आत थांबायचं, हीसुद्धा निधीचीच ताकीद. आठवड्याने मुठीकडे बघणं बंद झालं, काळू सरळ डोळ्यांत बघायचा. मग दार उघडं ठेवून. मग अंगणात. अंगणात पहिल्या दिवशी सगळं धुऊन निघालं, कारण भिंतीवर मांजर होतं. पास्कलने निधीला फोन लावला. ती म्हणाली, एक पाऊल मागे या, पुन्हा घरात करा, मग दारात, घाई कोणाला आहे? पास्कलला होती, पण तो मागे गेला. मग पुन्हा अंगण, मग गल्ली, मग मासळी बाजाराच्या मागची भिंत, मग जेट्टी. नाताळात घराघरांत भाजणीचे, वाइनचे, गोडाधोडाचे वास सुटले होते, कंदील लागले होते, लाऊडस्पीकर चालू होता, आणि त्या सगळ्या गजबजाटातून पास्कल हळू आवाजात "काळू" म्हणत कुत्र्याला घेऊन चालायचा. लोकांना वाटलं तांडेलाचा आवाज गेला. दोघीतिघींनी त्याच्या घशासाठी मेणबत्त्यासुद्धा लावल्या.

रोज संध्याकाळी ओट्यावर ब्रश. पहिले काही दिवस इतकी लोकर निघाली की ग्लोरियाने दोन उशा भरल्या. मग ती कमी होत गेली, आणि डिसेंबर संपता संपता एके दिवशी ब्रश जवळजवळ रिकामा आला. खाली जो कुत्रा उरला तो वेगळाच होता. मानेभोवती दाट केस, पाठीवर राठ, उन्हात चकाकणारे, शेपटीच्या टोकाला तेवढी काळी शाई बुडवल्यासारखी. फेबियनने त्याला पाहिलं आणि रिसॉर्टवरच्या बापाची गोष्ट पुन्हा सांगितली. या वेळी तिच्यावर त्याचा स्वतःचाही विश्वास बसला.

तीन राजांचा सण झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला अख्खं पाचूबंदर वलांड्यांवर लोटलं. बोटी आदल्या दिवशी भरून आल्या होत्या, दोऱ्या बोंबलांनी वाकल्या होत्या, आणि वारा खाडीकडून असा वाहत होता की माणसालाही जिभेवर चव यावी. सहा ओळी. गिरीजची माणसं टेम्पो घेऊन आली होती, बिचारी सभ्यपणे मागे उभी होती. एकाच्या हातात पट्टा होता. पास्कलने तिकडे एकदाच पाहिलं.

लुसीने काळूच्या पाठीवरून हात फिरवला आणि तळहात उन्हात धरून तपासला. केस नव्हता. तिने हातानेच चला म्हटलं.

पास्कलने गळ्यातली दोरी सोडली. "काळू," तो म्हणाला, बाजूच्या बाईलाही ऐकू गेलं नसेल इतक्या हळू. काळूने त्याच्या डोळ्यांत पाहिलं आणि दोघं चालायला लागले.

पहिली ओळ. दुसरी ओळ. बोंबील कुत्र्याच्या कानांना घासत होते. आणि बायकांच्या लक्षात एक गंमत येऊ लागली. कुत्रा बोंबलांना विसरला नव्हता. वास नाकात शिरला की त्याचे पंजे थरथरायचे, तोंडातून लाळ गळायची. पण जेवढा वास जास्त, तेवढी त्याची मान वर, तेवढे त्याचे डोळे पास्कलवर घट्ट. चौथ्या ओळीत तर तो समोर बघेचना. बांबूला धडकला, माफी मागितल्यासारखं बाजूला झाला आणि पुन्हा वर बघत चालू लागला. पास्कल गुडघा ओढत पुढे जात होता आणि दर दहा पावलांनी एक शाब्बास, एक तुकडा.

पाचव्या ओळीच्या मध्यावर वरून घार उतरली. घारीला कोणाची मुदत ठाऊक? तिने झडप घालून एक बोंबील धरला आणि पंख मारले. बोंबलाला बोंबील अडकलेला, दोरी जुनी, ती कडकन तुटली. घार एक बोंबील घेऊन वर गेली आणि उरलेली ओळ काळूच्या अंगावर खाली आली. गळ्यात बोंबील, पाठीवर बोंबील, एक तर बरोबर नाकासमोर लोंबकळत, जिभेपासून दोन बोटं लांब.

गिरीजचा माणूस पट्टा घेऊन एक पाऊल पुढे आला.

पास्कलच्या छातीत ती जुनी हाक पुन्हा उठली. पार खालून उठली, घशापर्यंत आली. ती सुटली असती तर कुत्रा बिचकून पळाला असता, दोरीसकट, बोंबलांसकट. पास्कलने तोंड मिटलं. तो नुसता उभा राहिला, हात खाली, डोळे कुत्र्यावर.

काळूने नाकासमोरच्या बोंबलाकडे पाहिलं. चांगलं पाहिलं. त्याच्या नाकपुड्या फुलल्या, मिटल्या, पुन्हा फुलल्या. आणि मग हळूहळू, जड दार उघडावं तशी, त्याची मान वळली आणि त्याने पास्कलच्या डोळ्यांत पाहिलं.

"शाब्बास," पास्कल म्हणाला. "ये, काळू."

तो आला. अंगावरचे बोंबील खालच्या वाळूत घसरत, ओळ मागे सोडत, पास्कलपुढे येऊन बसला आणि बघत राहिला. पास्कलने त्याला तुकडा दिला, दुसरा दिला, मग खिसा उलटा करून सगळाच दिला. मग दोघांनी सहावी ओळसुद्धा पुरी केली, कारण ठरलं होतं तसं झालं पाहिजे. टोकाला पोचल्यावर बायकांनी जो आवाज केला त्याने जेट्टीवरचे बगळे उडाले ते तीन दिवस परत आले नाहीत. ग्लोरिया रडत होती आणि डोळ्यांत वाळू गेली म्हणून सांगत होती. गिरीजच्या माणसाने पट्टा खिशात घातला आणि पहिली टाळी त्यानेच वाजवली.

लुसी मात्र पडलेल्या ओळीपाशी बसून बोंबील मोजत होती. मोजून झाल्यावर उठली. "एक कमी हाय."

पास्कलने आभाळाकडे बोट केलं. ताडाच्या शेंड्यावर घार बसून आरामात जेवत होती. लुसीने तिच्याकडे पाहिलं, कुत्र्याकडे पाहिलं. मग तिने खालचा एक बोंबील उचलला, मुठीत धरला आणि काळूपुढे उभी राहिली. असा खेळ तिने पास्कलला दीड महिना खेळताना लपून पाहिलेला असणार, नाहीतर तिला अशी मूठ धरायचं कसं सुचलं असतं?

काळूने मूठ पाहिली नाही. त्याने सरळ तिच्या डोळ्यांत पाहिलं.

लुसीकडे असं कोणी कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. वलांड्यांवर ती आली की बायका खाली बघायच्या, घरी सुना मोबाइल बघायच्या. तिने दोन पळं त्या नजरेला नजर दिली, मग मूठ उघडली. अख्खा बोंबील.

"नखाएवढा तुकडा द्यायचा असतो," पास्कल म्हणाला.

"मना शिकवू नका, तांडेल." तिने हात लुगड्याला पुसला. "उद्यापासून सात वाजता आनायचा त्याला. कावले सातला येतात, नि ही घार आठला. वलांडीवर राखनीला मना डोकं ठिकानावर असलेला मानूस पायजे होता, तो गावला." ती वळली, दोन पावलं गेली आणि थांबली. "तुम्हीसुद्धा या. त्याच्यासंगती."

दुसऱ्या दिवशी पास्कल पावणेसातला वलांड्यांवर हजर होता. काळू त्याच्याही आधी पोचला होता आणि सगळ्या बोंबलांकडे पाठ करून, पास्कल येणार त्या रस्त्याकडे बघत बसला होता.